मालवण आणि धामापूर परिसरातील ओरिएंटियरिंग शर्यती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओरिएंटियरिंग म्हणजे नेमके काय?

हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन, जमिनीवर ठरावीक जागी लावलेल्या खुणा दिलेल्या क्रमाने गाठायच्या आणि कमीत कमी वेळात शेवटाला पोहोचायचे, अशी ही शर्यत आहे. प्रत्येक खुणेच्या जागी पांढऱ्या आणि नारिंगी रंगाचे, ३० सें.मी. बाजूच्या तीन चौकोनी पृष्ठांचे, वरून त्रिकोणी दिसणारे कापडी निशाण टांगलेले असते. त्याला सर्वत्र ‘कंट्रोल’ असेच म्हणतात आणि आपणही येथे तोच शब्द वापरू. एका कंट्रोलपासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता कोणी आखून दिलेला नसतो. डोंगराला वळसा घालून पायवाटेने जायचे की सरळ चढून पलीकडे उतरायचे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते, आणि या खेळाचा सारा आनंद त्या ठरवण्यातच आहे.

या खेळाची पहिली जाहीर स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत झाली. स्वीडनमधील लष्करी अधिकारी अर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ घेतलेल्या शर्यतीनंतर तो लोकप्रिय झाला. १९६१ मध्ये दहा देशांनी कोपनहेगन येथे त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. नकाशांची चिन्हे आणि नियम हा महासंघच ठरवत असल्यामुळे मालवणात शिकलेला नकाशा फिनलंडच्या जंगलातही तसाच वाचता येतो.

दोन दिवसांत दोन वेगळ्या शर्यती का ठेवल्या आहेत?

शनिवारची शर्यत मालवण शहरात आणि रविवारची धामापूर परिसरातील रानात आहे. नियम बहुतांशी सारखे असले तरी दोन्ही शर्यतींत कस वेगवेगळ्या गोष्टींचा लागतो.

शहरातील शर्यतीत वाट सापडणे कठीण नसते, वाट निवडणे कठीण असते. नकाशाचे प्रमाण १:४,००० असते, म्हणजे नकाशावरील १ सें.मी. जमिनीवर ४० मीटर भरतो, आणि त्यामुळे प्रत्येक घर, गडगा (दगडी कुंपण), पाखाडी (पायऱ्यांची वाट) आणि बोळ वेगळा दाखवता येतो. बाजारपेठ, मेढा, धुरीवाडा या भागांत दोन घरांमधून जाणारी पाणंद कधी पलीकडच्या रस्त्याला लागते, तर कधी एखाद्याच्या मागच्या अंगणात संपते. हा फरक नकाशावर जेमतेम एका मिलिमीटरचा असतो आणि धावण्याच्या वेगात तो टिपावा लागतो. कंट्रोल एकमेकांच्या जवळ असल्यामुळे दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला नवा निर्णय समोर येतो.

रानातील शर्यतीत कंट्रोल दूरदूर असतात आणि प्रमाण १:१०,००० असते. घरे आणि रस्ते नसल्यामुळे चढ, उतार, वहाळ (ओढा), कातळाची कड आणि झाडीचा दाटपणा यांवरून आपली जागा ओळखावी लागते. समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, ५ मीटर उंचीचे अंतर असते. जो त्या रेषा वाचायला शिकतो त्याला रान परके वाटत नाही, आणि जो केवळ पायवाटांवर विसंबतो तो पहिल्या ढोरवाटेवरच फसतो. आमच्या रानांत गुरांच्या वाटा इतक्या आहेत आणि दरवर्षी इतक्या बदलतात की, त्यांतील ठळक तेवढ्याच नकाशावर घेतल्या आहेत.

मी पूर्वी कधी हा खेळ खेळलेलो नाही. मला भाग घेता येईल का?

अवश्य घेता येईल. नवशिक्यांसाठी दोन्ही दिवशी वेगळा, आखूड मार्ग आहे. त्यातील कंट्रोल रस्ता, विहीर, पूल, गडग्याचा कोपरा अशा सहज ओळखू येणाऱ्या जागी आहेत. कुटुंबातील दोघांना किंवा दोन मित्रांना तो एकत्रही पुरा करता येतो. बारा वर्षांखालील मुलांबरोबर मोठे माणूस असणे आवश्यक आहे.

शनिवारी सकाळी शर्यतीपूर्वी तासाभराचे प्राथमिक शिक्षण दिले जाईल. ते चुकवू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे, कारण पहिल्याच खेपेला हरवलेले माणूस पुन्हा या खेळाकडे सहसा वळत नाही, असा आमचा अनुभव आहे.

वयोगट कसे ठरतात?

वय वाढदिवसावरून न मोजता कॅलेंडर वर्षावरून मोजले जाते. वीस वर्षांपर्यंतच्या गटांत ते वय ज्या वर्षी पूर्ण होते त्या वर्षाच्या अखेरपर्यंत खेळता येते, आणि पस्तीस वर्षांपासून पुढच्या गटांत ते वय ज्या वर्षी पूर्ण होणार त्या वर्षाच्या आरंभापासूनच प्रवेश मिळतो. ‘एकवीस’ हा गट खुला आहे.

नकाशावरील रंगांचा अर्थ काय?

नवख्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ पांढऱ्या रंगाचा होतो. तो पांढरे म्हणजे मोकळे मैदान समजतो. वास्तविक पांढरे म्हणजे ज्यातून सहज धावता येईल असे रान, आणि मोकळी जागा पिवळ्या रंगात दाखवतात. हिरवा रंग झाडोऱ्याचा अडथळा सांगतो. फिका हिरवा असेल तर वेग मंदावेल, आणि गडद हिरवा असेल तर करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरीच्या रानातून अंग ओरबाडून घेतल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. निळा रंग पाण्याचा, तपकिरी चढउताराचा, काळा खडकांचा आणि माणसाने बांधलेल्या वस्तूंचा आहे. मार्ग जांभळ्या रंगात छापलेला असतो. त्यात त्रिकोण म्हणजे आरंभ, वर्तुळ म्हणजे कंट्रोल आणि दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट.

एक रंग मात्र सर्वांनी पाठ करून यावा, तो म्हणजे शेवाळी हिरवा. हा रंग खासगी अंगणे, परसू, माडाची आगरे आणि देवस्थानाच्या जागा यांसाठी वापरला आहे. त्यात पाऊल टाकणारा स्पर्धक बाद होतो. गडग्यांचेही असेच आहे. जाड काळ्या रेषेने दाखवलेला गडगा कमरेएवढाच असला आणि तो ओलांडणे सहज शक्य असले, तरी शहराच्या शर्यतीत त्यावरून जाण्यास मनाई आहे.

हा नियम इतका कडक का?

आम्ही ज्या जमिनीवर खेळतो ती आमची नाही. कोकणात डोंगरसुद्धा बहुतांशी खासगी मालकीचे आहेत. एकेका सातबाऱ्यावर दहा-वीस नावे असतात आणि त्यांतील निम्मी माणसे मुंबईत राहतात. रविवारच्या शर्यतीसाठी वाडीवाडीत जाऊन, बैठका घेऊन, कोणत्या जागेतून जाण्यास हरकत नाही हे आम्ही विचारले आहे, आणि जिथे वन विभागाची परवानगी लागते तिथे ती घेतली आहे. ‘काजूखालून धावा, पण कलमांच्या बागेत नको,’ असे एका वयस्कर बागायतदारांनी आम्हांला सांगितले आणि त्याचे कारणही समजावले: या दिवसांत हापूसच्या कलमांवर मोहोर असतो, त्यावर फवारणी चाललेली असते आणि फवारलेल्या बागेतून माणसांनी जाणे त्यांच्याच प्रकृतीला घातक असते. नकाशावर त्या बागा निषिद्ध दाखवल्या आहेत त्या यामुळे.

भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या मळ्यांतून धावता येते, परंतु जिथे वायंगणी (हिवाळ्यात घेतले जाणारे) भात, कुळीथ किंवा चवळी उभी आहे तिथे नकाशावर पिवळ्यावर काळे ठिपके आहेत. तेथून जायचे असेल तर बांधावरूनच जावे. एका माणसाच्या पायाखाली दोन रोपे गेली तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. दीडशे स्पर्धक एकाच वाटेने गेले तर शेतात पाणंदच तयार होते.

शहरातही हेच भान हवे. किनाऱ्यालगतच्या भागात रापणीची जाळी पसरलेली असतात आणि वाळत घातलेली मासळी असते. तिच्यावरून उडी मारून जाणे हा या घरांचा अपमान आहे, आणि तो आम्ही शर्यतीच्या नियमभंगाइतकाच गंभीर मानतो.

देवराईबद्दल वेगळा नियम आहे का?

होय. देवरहाटीत, म्हणजे गावदेवाच्या राखलेल्या रानात, कोणताही कंट्रोल नाही आणि तिच्यातून आडवाट घेण्यास परवानगी नाही. तिच्या कडेला लाल-पांढरी फीत बांधलेली असेल. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, जिथे कातळशिल्पे (कातळात कोरलेल्या आकृती) आहेत तिथेही हीच मनाई लागू आहे. मालवण तालुक्यातील कुडोपीसह कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आली आहेत. धावणाऱ्या बुटांखाली त्यांच्या रेषा झिजाव्यात, हे आम्हांला मान्य नाही. रविवारी पहिला स्पर्धक सुटण्यापूर्वी गावकरी प्रथेप्रमाणे गाऱ्हाणे घालतील, म्हणजे देवाची प्रार्थना करतील. त्या वेळी सर्वांनी शांत उभे राहावे.

जांभ्याच्या सड्यावर होकायंत्र चुकते, हे खरे आहे का?

काही ठिकाणी असे घडते. जांभ्यात लोहाचे प्रमाण भरपूर असते. राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे येथे कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते आणि ते पाहण्यासाठी लोक मुद्दाम तिथे जातात. म्हणून सुई आणि जमीन यांत विसंगती वाटली, तर आधी होकायंत्र कातळापासून छातीच्या उंचीवर धरावे, दोन-चार पावले सरकून पुन्हा पाहावे आणि मग उताराची दिशा, वहाळ किंवा तलावाचे पाणी यांवरून खात्री करून घ्यावी. बहुतेक वेळा दोष कातळाचा नसून होकायंत्राला टेकलेल्या मोबाइलचा किंवा लोखंडी वस्तूचा असतो. कोकणात चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, शिवाय नकाशावरील उत्तर-दक्षिण रेषा चुंबकीय उत्तरानुसारच काढलेल्या असतात, त्यामुळे त्यासाठी कोणतीही बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही.

नकाशा हातात कसा धरावा?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण आमच्या मते या संपूर्ण पानावरील सर्वांत उपयुक्त उत्तर हेच आहे. आपण ज्या बाजूला वळलो असू त्यानुसार नकाशा हातात फिरवावा, जेणेकरून नकाशावरील उत्तर आणि जमिनीवरील उत्तर नेहमी जुळलेले राहील. मग नकाशावर जे उजवीकडे आहे ते जमिनीवरही उजवीकडेच असते. नकाशातील अक्षरे उलटी दिसली तरी बिघडत नाही. दुसरी गोष्ट, नकाशा घडी घालून लहान करावा आणि आपण जिथे आहोत त्या जागेवर अंगठा ठेवावा, आणि जसजसे पुढे जाऊ तसतसा तो सरकवत न्यावा. ज्याचा अंगठा जागेवर आहे त्याला नकाशाकडे पुन्हा पाहताना आपली जागा शोधत बसावे लागत नाही.

तिसरी सवय अनुभवाने लागते. कंट्रोलकडे थेट धाव घेण्याऐवजी त्याच्या अलीकडची एखादी ठळक वस्तू निवडावी, उदाहरणार्थ दोन वहाळांचा संगम किंवा जुनी चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढलेली खाण), तिथपर्यंत भरधाव जावे आणि शेवटचे शंभर मीटर मात्र सावकाश, नकाशा वाचत जावे. कंट्रोलपाशी पोहोचल्यावर त्याचा क्रमांक आपल्या यादीशी ताडून पाहावा. हे क्रमांक ३१ पासून पुढे असतात आणि शेजारी-शेजारी दुसऱ्या मार्गांचेही कंट्रोल असू शकतात.

कंट्रोल गाठल्याची नोंद कशी होते?

बोटात अडकवण्याची एक इलेक्ट्रॉनिक चिप आरंभापूर्वी दिली जाईल. ती कंट्रोलवरील खोक्याच्या छिद्रात घातली की आवाज येतो आणि दिवा लागतो. आवाज आला नाही, तर शेजारी लटकवलेल्या सुयांच्या चिमट्याने नकाशाच्या कडेला छिद्रे पाडावीत. एकही कंट्रोल सुटला किंवा क्रम चुकला तर निकाल धरला जात नाही. पाचवा कंट्रोल विसरून सहावा घेतला असेल, तर मागे जाऊन पाचवा घ्यावा आणि मग सहाव्यापासून पुढे पुन्हा क्रमाने जावे.

सर्वजण एकदमच सुटतात का?

नाही. शहरात दर मिनिटाला आणि रानात दर दोन मिनिटांनी एका मार्गावरचा एकच स्पर्धक सुटतो. त्यामुळे पुढच्याच्या मागे धावण्यात अर्थ उरत नाही. शिवाय तो बहुधा वेगळ्याच मार्गावर असतो.

मोबाइल किंवा जीपीएस घड्याळ चालेल का?

मोबाइल बंद करून सीलबंद पाकिटात जवळ ठेवावा आणि तो केवळ संकटाच्या वेळी उघडावा. घड्याळात धावण्याची नोंद होऊ दिली तरी चालेल, पण नकाशा दाखवणारे घड्याळ वापरता येणार नाही. तसेही धामापूरच्या दरीत मोबाइलची रेंज भरवशाची नाही.

कपडे आणि बूट कोणते असावेत?

शहरासाठी धावण्याचे साधे बूट आणि नेहमीचे कपडे पुरेत. रानासाठी मात्र पूर्ण बाह्यांचा सदरा, घोट्यापर्यंतची विजार आणि जाड मोजे सक्तीचे आहेत. काट्यांपेक्षाही मोठे कारण खाजकुयलीचे आहे. हिवाळ्यात तिच्या शेंगा वाळतात, त्यांवरची लव वाऱ्याने उडते आणि अंगाला लागली की असह्य खाज सुटते. अशा वेळी चोळू किंवा खाजवू नये. चिकटपट्टी लावून ओढावी आणि मग भरपूर पाण्याने धुवावे.

दुसरे कारण गोचिडांचे आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि हा आजार जंगलातील गोचिडांमुळे पसरतो. आमची शर्यत त्या तालुक्यांत नसली, तरी विजार मोज्यांत खोचणे, शर्यतीपूर्वी गोचीडरोधक मलम लावणे आणि परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग नीट तपासणे, एवढे प्रत्येकाने करावेच. नंतर पंधरवड्यात सडकून ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगावे.

साप आणि विंचू यांची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

भीती अनाठायी नाही. कातळावर आणि गडग्यांच्या फटींत फुरसे हा विषारी साप असतो, आणि रंगामुळे तो जांभ्यावर चटकन दिसत नाही. रानात जो गडगा ओलांडण्यास परवानगी आहे, त्यावर हात टेकण्यापूर्वी आणि पलीकडे पाय टाकण्यापूर्वी पाहावे, दगड उचलू नयेत, आणि बसायचे झाल्यास मोकळ्या जागी बसावे. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळून बांधणे यांतील काहीही करू नये. दंश झालेला अवयव हलू न देता तिथेच थांबावे आणि शिटी वाजवावी. आमचे वाहन सज्ज असेल आणि १०८ या रुग्णवाहिका क्रमांकालाही कळवले जाईल.

लाल विंचवाचा दंश पूर्वी कोकणात अनेकांचे, विशेषतः लहान मुलांचे, प्राण घेत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून ही परिस्थिती पालटली. औषध वेळेवर मिळणे महत्त्वाचे असते, म्हणून ‘साधा विंचू असेल’ असे म्हणून शर्यत पुरी करण्याचा विचारही करू नये.

चिरेखाणींचा धोका किती आहे?

आमच्या दृष्टीने रविवारचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. सड्यावर जुन्या चिरेखाणी आहेत. त्यांच्या कडा उभ्या कापलेल्या, काठावर गवत वाढलेले आणि काहींच्या तळाशी पाणी साचलेले असते. पावसाळा संपताच आम्ही पहिले सर्वेक्षण केले तेव्हा गवत कमरेएवढे होते, आणि आमच्यातील एकाने अगदी काठावर पोहोचल्यावर पाऊल मागे घेतले. तेव्हापासून प्रत्येक खाण दोनदा मोजून नकाशात घेतली आहे आणि मार्गाजवळच्या सर्व खाणींना पिवळी फीत बांधली आहे. तरीही सड्यावर, नकाशात काळी दातेरी रेषा दिसत असेल त्या बाजूला धावू नये, चालत जावे.

शर्यत हिवाळ्यातच का?

पावसाळ्यात वहाळ भरलेले आणि कातळ शेवाळलेले असतात, ऑक्टोबरात गवतामुळे नकाशावरचे पांढरे रानही हिरवे होऊन बसते, आणि मार्चपासून उष्मा, वणवे आणि काजू-आंब्याची लगबग सुरू होते. उरतात ते थंडीचे मोजके आठवडे. या दिवसांतही दहानंतर घाम पाण्यासारखा वाहतो, म्हणून रविवारी पहिला स्पर्धक साडेसात वाजता सुटेल. नुसते पाणी न पिता मीठ घातलेले कोकम सरबत किंवा शहाळे घ्यावे. शेवटाला दोन्ही ठेवले आहे.

धामापूर तलावात उतरता येईल का?

नाही. १५३० मध्ये बांधलेला हा तलाव गावाच्या पाण्याचा आणि श्रद्धेचा आहे, आणि काठावर श्री भगवतीचे देऊळ आहे. नकाशावर तलावाचा संपूर्ण काठ निषिद्ध आहे.

मालवणात कसे पोहोचावे?

कोकण रेल्वेने कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली येथे उतरून एसटीने किंवा रिक्षाने यावे. रविवारी पहाटे मालवणहून धामापूरला गाड्या सोडल्या जातील. स्वतःची वाहने वाडीत नेऊ नयेत, कारण तेथील रस्ता एकाच गाडीपुरता आहे.

वाट चुकलो, किंवा शर्यत अर्धवट सोडावी लागली, तर काय करावे?

वाट चुकणे हा खेळाचाच भाग आहे. प्रथम थांबावे, नकाशा उत्तरेशी जुळवावा आणि जिथे खात्रीने होतो ती शेवटची जागा आठवून तिथपर्यंत परत जावे. तरीही उमगले नाही, तर रविवारच्या नकाशावर एक सुरक्षित दिशा छापली आहे. होकायंत्र धरून सरळ पश्चिमेला चालत गेल्यास डांबरी रस्ता लागतो, आणि त्यावर आमचे कार्यकर्ते फिरत असतात. दुखापत झाली असेल तर मिनिटाला सहा वेळा शिटी वाजवावी, मिनिटभर थांबावे आणि पुन्हा वाजवावी. ही शिटी ज्याला ऐकू येईल त्याने आपली शर्यत सोडून मदतीला जाणे बंधनकारक आहे.

शर्यत सोडली तरी शेवटाच्या टेबलापाशी येऊन चिप जमा केल्याशिवाय कोणीही घरी किंवा खोलीवर जाऊ नये. ज्याची चिप आलेली नाही तो आमच्या लेखी अजून रानातच असतो. त्याला शोधायला वाडीतील मंडळी कोयते आणि बॅटऱ्या घेऊन निघतात, आणि तो हॉटेलात झोपलेला असल्याचे कळेपर्यंत ती माघारी येत नाहीत.